पान वेगळे, थेंब वेगळा

खानदेशात पिंपळनेर, नंदुरबार, शहादे, तळोदे आणि अक्राणी या भागांत एकोणिसाव्या शतकात पावसाळा ओसरला की रोशा गवताच्या भट्ट्या लागत. माळावर आणि डोंगरउतारावर आपोआप उगवणारे हे गवत फुलावर आले की कापायचे, ओढ्याकाठच्या हंड्यात पाण्याबरोबर ठासून भरायचे, तोंड लिंपून खाली जाळ घालायचा आणि नळीतून येणारी वाफ थंड पाण्यात बुडवलेल्या भांड्यात धरायची. पाणी खाली राही, तेल वर तरंगे. ते तेल मुंबईला जाई, मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांना आणि पुढे कॉन्स्टँटिनोपलला. तिथले व्यापारी त्याच्यावर लिंबाच्या रसाचे, डिंकाच्या पाण्याचे संस्कार करत, उन्हात ठेवून रंग उजळत आणि मग ते बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. कधी कधी तर भट्टीत घालण्याआधी गुलाबाच्या पाकळ्यांवरच ते शिंपडत. युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की जिरेनियम’ म्हणत. ज्या माणसांनी ते गवत कापले, त्यांचे नाव-गाव त्या बाटलीवर कुठेच नव्हते.

ही भेसळ इतकी वर्षे पचली कशी? ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनज्ञाने १८७१ मध्ये हिंदुस्थानातून आलेल्या याच जातीच्या गवताच्या तेलातून एक द्रव शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो म्हणजे जेरॅनिऑल. रोशाच्या चांगल्या तेलात तीन चतुर्थांशाहून अधिक भाग याच एका रेणूचा असतो, आणि गुलाबाच्या तेलातल्या मुख्य घटकांतही तो आहे. गुलाबाच्या पाकळीतला जेरॅनिऑल आणि खानदेशी गवतातला जेरॅनिऑल यांत अणूचाही फरक नाही. त्या काळच्या व्यापाऱ्याच्या नाकाला आणि त्याच्या हाताशी असलेल्या ढोबळ कसोट्यांना तो फरक सापडणार तरी कसा?

या पुस्तकाची सुरुवात रोशा गवताने करण्याचे कारण हेच, की सुगंधी तेलांविषयी मला जे सांगायचे आहे ते सगळे या व्यवहारात आहे. भट्टीतून बाहेर पडलेले तेल म्हणजे ते गवत नव्हे, ते फूल नव्हे, ती औषधी वनस्पतीही नव्हे. वनस्पतीतल्या शेकडो पदार्थांपैकी वाफेबरोबर उडू शकणारे तेवढेच निवडून, प्रचंड प्रमाणात एकवटलेला तो एक निराळाच पदार्थ आहे. त्याचे रसायन, त्याचे उपयोग आणि त्याचे धोके यांचे मूळ या एकवटण्यात आहे. आज शहरातल्या प्रत्येक मोठ्या दुकानात काळपट काचेच्या छोट्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘दुष्परिणाम नाहीत’ असे त्यांवर लिहिलेले असते. घरातली शहाणीसुरती माणसेही तो मजकूर वाचून बाळाच्या छातीला काय लावतात, पाण्यात काय टाकून पितात, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून हे पुस्तक लिहावेसे वाटले.

एकवटणे म्हणजे नेमके किती, याचा हिशोब घरच्या गवती चहावर करून पाहता येतो. ताज्या गवती चहात वजनाच्या साधारण पाव ते अर्धा टक्का तेल असते. म्हणजे दहा ग्रॅम पातीतले सगळेच्या सगळे तेल निघाले, तर त्याचा जेमतेम एक थेंब होतो. चहाच्या आधणात आपण दोन-तीन पाती टाकतो, त्यांतलेही सगळे तेल पाण्यात उतरत नाही आणि जे उतरते त्यातले बरेच वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरते. दहा मिलिलिटरची एक बाटली मात्र दोन किलोंहून जास्त गवताचा ऐवज असतो. गुलाबाच्या बाबतीत तर एक किलो तेलासाठी तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात. ‘आमची आजी गवती चहाचा काढा प्यायची, तिला कधी काही झाले नाही’ हे वाक्य अगदी खरे असते. बाटलीतल्या थेंबाबद्दल त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता वाफेच्या कामाकडे येऊ, कारण या विषयातला सर्वांत देखणा भाग मला तोच वाटतो. लिमोनिन १७६ अंश सेल्सिअसला उकळते, लिनालूल १९८ला, जेरॅनिऑल २३०ला, लवंगेतले युजेनॉल तर २५४ला. एवढ्या उष्णतेत हे नाजूक रेणू मोडू लागतील आणि पाला करपून जाईल तो वेगळाच. पण एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एका भांड्यात तापवले की दोघेही आपापला बाष्पदाब स्वतंत्रपणे देतात. त्या दोन दाबांची बेरीज बाहेरच्या हवेच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळू लागते. म्हणून पाण्याच्या सोबतीने ही तेले १०० अंशांच्याही किंचित खालीच वर येतात आणि थंड झाली की पाण्यापासून आपण होऊन वेगळी होतात. बहुतेक तेले तरंगतात. लवंगेचे तेल पाण्याहून जड, ते तळाशी बसते. कन्नौजच्या देग-भपक्यामागेही हेच भौतिकशास्त्र आहे. तांब्याच्या देगेतून बांबूच्या नळीवाटे निघालेली वाफ भपक्यात आधीच ठेवलेल्या चंदनाच्या तेलात उतरते आणि फुलांचा वास ते तेल धरून ठेवते. अत्तर ते हेच.

वाफेबरोबर काय येते याइतकेच काय येत नाही हेही महत्त्वाचे. रंग, साखरा, टॅनिन, क्षार, मोठाले रेणू सगळे हंड्यातच राहतात. हळदीच्या सुगंधी तेलात टर्मेरोन असतात, कर्क्युमिन नसते. हळदीची जी कीर्ती कर्क्युमिनवर उभी आहे, ती तिच्या तेलाच्या बाटलीवर छापणे म्हणजे ग्राहकाची फसवणूक आहे, आणि ती सर्रास होते. उलट काही गोष्टी वनस्पतीत नसतातच, त्या भट्टीत तयार होतात. जर्मन कॅमोमाइलच्या तेलाचा गर्द निळा रंग ज्या चामाझुलीनमुळे येतो ते फुलात नसते. फुलातला मॅट्रिसिन नावाचा रंगहीन पदार्थ वाफेच्या उष्णतेने बदलून ते निर्माण होते. मोगरा आणि जाईच्या नुसत्या वाफेने काढलेल्या तेलाचा धंदा होत नाही, कारण वाफेत त्यांचा वास टिकत नाही आणि हाती येणारे तेलही नगण्य असते. त्यांचा गंध द्रावकाने काढावा लागतो, नाहीतर अत्तरासारखा दुसऱ्या तेलात धरावा लागतो. मोगऱ्याचे ‘शंभर टक्के शुद्ध, वाफेने काढलेले’ तेल दीड-दोनशे रुपयांत मिळत असेल, तर त्या बाटलीत दुसरेच काहीतरी आहे.

या रेणूंची घडण समजायला जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातले एक कपाट कारणीभूत झाले. तिथल्या केकुले या रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेत सुगंधी तेलांच्या बाटल्या न उघडता पडून होत्या. ऑटो वालाख या तरुण सहकाऱ्यावर औषधनिर्मिती शिकवण्याची जबाबदारी आली तेव्हा त्याने त्या बाटल्या संशोधनासाठी मागून घेतल्या. तोवर प्रत्येक तेलातल्या द्रवाला वेगळे नाव दिले जाई आणि त्या नावांचा नुसता गोंधळ माजला होता. वालाखने वर्षानुवर्षे खपून दाखवले की यांतले बरेचसे पदार्थ मोजक्याच रेणूंची वेगवेगळी नावे आहेत, आणि ते रेणू पाच कार्बनच्या एका समान घटकापासून, आयसोप्रीनपासून, बनल्यासारखे दिसतात. त्याला १९१०चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे लिओपोल्ड रुझिच्काने आयसोप्रीनचा हा नियम पक्का केला. त्याला १९३९चे नोबेल मिळाले. दोन आयसोप्रीन जोडले की दहा कार्बनचे मोनोटर्पीन, तीन जोडले की पंधरा कार्बनचे सेस्क्विटर्पीन. संत्र्याच्या सालीतले लिमोनिन, निलगिरीतले सिनिओल, पुदिन्यातले मेंथॉल, गवती चहातला सिट्रल हे सारे दहाच्या घरातले. चंदनातला सँटॅलॉल, वाळ्यातला खुसिमॉल हे पंधराच्या घरातले. अधिक जड, म्हणून सावकाश उडणारे. लिंबाचा वास रुमालावर तासाभरात विरतो आणि चंदनाचा दुसऱ्या दिवशीही येतो, त्याचे कारण हेच.

लवंग, दालचिनी, तमालपत्र यांची घडण वेगळ्या रस्त्याने होते. युजेनॉल आणि सिनॅमाल्डिहाइड यांच्या पोटात बेंझीनचे कडे असते. त्वचेला आणि हिरड्यांना चटका देणारी तेले बहुतेक याच कुळातली, किंवा ओव्यातल्या थायमॉलसारखी, म्हणजे मुळात टर्पीन पण फिनॉल झालेली. दालचिनीच्या एकाच झाडाच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड मुख्य असते आणि पानाच्या तेलात युजेनॉल. कोकणातला बागायतदार साल आणि पान वेगळे ठेवतो, बाटलीवर मात्र नुसतेच ‘दालचिनी तेल’ लिहिलेले असते.

रेणूची आरशातली प्रतिमासुद्धा वेगळा वास देते. कार्व्होनचे दोन अवतार आहेत, उजवा आणि डावा, अणू तेच आणि जोडणीही तीच. एकाला स्पिअरमिंटचा, म्हणजे च्युइंगगममधल्या पुदिन्याचा वास येतो, दुसऱ्याला शेपेचा. बाळंतिणीच्या पानसुपारीतल्या बाळंतशेपांत तो दुसरा असतो. आपल्या नाकातली ग्रहणस्थाने स्वतःच एका बाजूला वळलेली असल्यामुळे त्यांना हा फरक कळतो. विद्यार्थ्यांना दोन कुप्या हुंगायला देऊन मग फळ्यावर दोन्ही आकृत्या काढल्या की वर्ग एकदम शांत होतो.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. सुगंधोपचाराच्या पुस्तकांत तेलांचे गुण रासायनिक गटांवरून सांगण्याची पद्धत आहे. एस्टर शांत करतात, कीटोन विषारी, अल्कोहोल सौम्य, अशी. पाठ करायला हे सोपे आहे, पण खरे नाही. कार्व्होन कीटोनच आहे आणि ते आपण शेपूच्या भाजीत खातो. थुजोनही कीटोन आहे आणि ते मेंदूला झटके आणते. मिथाइल सॅलिसिलेट एस्टर आहे आणि त्याच्याबद्दल पुढे जे लिहिले आहे ते वाचल्यावर कोणी त्याला शांत म्हणणार नाही. प्रत्येक रेणूची स्वतंत्र चौकशी करावी लागते. त्याला जवळचा रस्ता नाही.

घरातल्या अमृतधारेच्या बाटलीत रसायनशास्त्राचा एक सुंदर धडा आहे. ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल, पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉल, आणि कापूर. तिन्ही स्फटिकरूप घन पदार्थ. थायमॉल सुमारे ५० अंशांना वितळते, मेंथॉल ४२च्या आसपास, कापूर तर १७५च्या वर. तिन्ही बाटलीत एकत्र करून हलवले की पाण्याचा टिपूस नसताना, उष्णता न देता त्यांचा द्रव होतो. वेगवेगळे रेणू शेजारी आले की एकमेकांची स्फटिकरचना नीट जमू देत नाहीत आणि मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाखाली घसरतो. पण या बाटलीत पातळ करणारे काहीच नाही, ती तीन तीव्र पदार्थांची निव्वळ बेरीज आहे, हेही त्याच वेळी लक्षात ठेवले पाहिजे.

सुगंधाच्या विद्येशी मराठीचे नाते आजचे नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे, हे अनेकांना ठाऊक असते. भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी मात्र गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ या ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, आणि यांतल्या ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे. १९८९ मध्ये हे दोन्ही ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापून आले. सुगंधी द्रव्ये कशी कुटावीत, कशी भिजवावीत, कशाला कशाचा वास द्यावा हे मराठीत समजावून सांगण्याची गरज काही शतकांपूर्वी कुणाला तरी वाटली होती. विसाव्या शतकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव आणि एस. सी. भट्टाचार्य यांच्या गटांनी चीड, वाळा, अगरू यांच्या तेलांतल्या सेस्क्विटर्पीनांवर जगाने दखल घ्यावी असे काम केले. मुंबईत १९२२ मध्ये सुरू झालेली केळकरांची सुगंधी द्रव्यांची पेढी आजही उभी आहे. एवढे सगळे असून मराठी वाचकाला आज या विषयावर मिळतात ती जाहिरातीची पत्रके, ही गोष्ट मला बोचते.

पहिल्या महायुद्धाने सुगंधी तेलांच्या व्यापाराची आणखी एक बाजू उघडी पाडली. तोवर म्हैसूरचे चंदन आणि आपला ओवा जर्मनीला जात आणि तेल व थायमॉल तिकडे निघत. युद्धाने वाट बंद झाली तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सडबरो आणि वॉटसन यांनी चंदनाचे ऊर्ध्वपातन करून दाखवले, आणि १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानाने स्वतःचा तेलाचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर लखनौची केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था १९५९ मध्ये उभी राहिली. तिने विकसित केलेल्या वाणांवर उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी जपानी पुदिना असा पिकवला की नैसर्गिक मेंथॉलमध्ये भारत जगात पहिला झाला.

उपयोगांच्या बाबतीत माझी भूमिका सरळ आहे: जे तपासून सिद्ध झाले आहे ते मोकळेपणाने मान्य करायचे आणि उरलेल्याला दिलासा म्हणायचे, औषध म्हणायचे नाही. मेंथॉलने गार का वाटते, हे आता रेणूच्या पातळीवर माहीत आहे. थंडीची जाणीव देणाऱ्या चेतापेशींवर टीआरपीएम८ नावाचे एक प्रथिन असते, मेंथॉल तेच उघडते. तापमान तसूभरही न बदलता मेंदूला थंडीचा निरोप जातो. हा शोध २००२चा, आणि त्यात सहभागी असलेल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना स्पर्श व तापमानाच्या संवेदनांवरच्या कामासाठी २०२१चे नोबेल मिळाले. सर्दीत मेंथॉल हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते ते याच निरोपामुळे. नाकाची सूज तेवढीच राहते. पेपरमिंटचे तेल आतड्यातच उघडणाऱ्या कुपीतून दिले तर आतड्याच्या स्नायूंचे पेटके सैल पडतात, आणि वारंवार पोट बिघडण्याच्या विकारात त्याचा उपयोग चांगल्या चाचण्यांत दिसला आहे. दंतवैद्य झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचा लगदा तात्पुरत्या भरणीसाठी कित्येक पिढ्या वापरत आले आहेत. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाच टक्के टी ट्री तेलाच्या जेलने मुरमे बेंझॉइल पेरॉक्साइडपेक्षा सावकाश, पण कमी त्रासात कमी झाली. लॅव्हेंडर तेलाच्या मोजून भरलेल्या कुप्या जर्मनीत चिंतेच्या विकारावर वापरल्या जातात.

या सगळ्या उदाहरणांत मात्रा ठरलेली आहे, तेलाची प्रत ठरलेली आहे आणि ते शरीरात कुठे पोचणार हेही ठरलेले आहे. फ्रान्सचा रेने-मोरीस गातफोसे १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजला, जखमा चिघळल्यावर त्याने लॅव्हेंडरचे तेल वापरले आणि १९३७ मध्ये ‘आरोमातेरापी’ हे पुस्तक लिहिले. तो व्यवसायाने रसायनज्ञ होता. त्याच्या नावाने आज जे विकले जाते त्यात रसायनशास्त्र औषधालाही उरलेले नसते. कर्करोग, मधुमेह, थायरॉइड यांवर थेंब सांगणाऱ्या माणसापासून वाचकाने दूर राहावे. उपचार लांबल्याने जे नुकसान होते ते अनेकदा तेलाच्या विषारीपणापेक्षाही मोठे असते.

सुरक्षिततेवर या पुस्तकात सर्वांत जास्त पाने खर्च झाली आहेत. पहिला मान कापराला, कारण तो प्रत्येक देवघरात आहे. वडी पांढरी, खडीसाखरेसारखी, आणि तोंडाला गार लागणारी. रांगते मूल ती सहज उचलते. कापूर पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते तास-दीड तासात झटके येऊ शकतात, आणि लहान मुलांत एक ग्रॅमच्या आसपास कापूर जीवघेणा ठरल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अमेरिकेत कापराचे तेल एरंडेल समजून पाजले जाण्याचे प्रकार घडल्यावर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने १९८०च्या दशकात औषधी उत्पादनांतल्या कापरावर ११ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे अशी वडी दिव्याशेजारी, मुलाच्या हाताच्या उंचीवर असते. ती उंच, झाकणाच्या डब्यात ठेवा, एवढे जरी या पुस्तकातून घरोघर पोचले तरी माझे काम झाले.

निलगिरीचे तेल घोटभरही पोटात जाता कामा नये. काही मिलिलिटरमध्ये मूल गुंगीत जाऊ शकते, त्याला झटके येऊ शकतात. सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मेंथॉल, कापूर किंवा निलगिरी लावण्याची सवय तर आजच सोडावी. मोठ्या माणसाला ज्या झोताने हुशारी वाटते त्याच झोताने बाळाचा घसा आवळला जातो आणि श्वास क्षणभर थांबू शकतो. दोन वर्षांखालच्या मुलाला असे मलम कुठेच लावू नये. विंटरग्रीनच्या, म्हणजे गंधपुऱ्याच्या तेलात जवळजवळ सगळे मिथाइल सॅलिसिलेटच असते. त्याचा एक चहाचा चमचा सुमारे सात ग्रॅम अ‍ॅस्पिरिनच्या तोडीचा, म्हणजे वीसहून जास्त गोळ्यांच्या बरोबरीचा. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या गुडघ्याला हे तेल रोज चोळत असाल तर डॉक्टरांना ते सांगा, कारण त्वचेतूनही ते रक्तात जाते. लवंगेचे तेल प्यायल्याने लहान मुलांच्या यकृताला पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेसारखी इजा झालेली आहे.

त्वचेचे नुकसान जास्त फसवे असते, कारण ते उशिरा कळते. सालीतून दाबून काढलेल्या लिंबू आणि बर्गमॉटच्या तेलात फ्युरोकुमारिन असतात. असे तेल लावून उन्हात गेले की एक-दोन दिवसांत फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. त्याच लिंबाचे वाफेने काढलेले तेल तसे करत नाही, कारण फ्युरोकुमारिन जड, ते हंड्यातच राहतात. न धुता लावून ठेवायच्या उत्पादनात बर्गमॉटची मर्यादा सुगंधउद्योगाने ०.४ टक्के ठेवली आहे, यावरून काय ते कळावे. दुसरी गोष्ट जुन्या बाटलीची. लिमोनिन आणि लिनालूल ताजे असताना बऱ्यापैकी सौम्य असतात, हवेशी संयोग होऊन त्यांचे हायड्रोपेरॉक्साइड बनले की तेच अ‍ॅलर्जी जडवतात. एकदा जडलेली अ‍ॅलर्जी आयुष्यभर सोबत करते. मग साबण बदला, शाम्पू बदला, डिटर्जंट बदला. म्हणून बाटली गडद काचेची, घट्ट बुचाची, सावलीत. प्लास्टिक चालत नाही. संत्र्याची साल फुगलेल्या फुग्यावर पिळून पाहा, लिमोनिन रबराचे काय करते ते तत्क्षणी कळते.

घरगुती वापराचे प्रमाण सोपे आहे. एक मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब धरावेत. मोठ्या माणसाच्या अंगाला लावायचे तर एक ते दोन टक्के पुरे, म्हणजे तीस मिलिलिटर खोबरेलात किंवा तिळाच्या तेलात सहा ते बारा थेंब; चेहऱ्याला त्याहून कमी. आंघोळीच्या पाण्यात थेंब टाकले तर ते विरघळत नाहीत, वर तरंगतात आणि अंगाला तसेच निखळ चिकटतात. दमा असलेल्या माणसाच्या खोलीत सुगंधाचे यंत्र तासन्‌तास चालू ठेवू नये, खिडकी उघडी असावी. घरात मांजर असेल तर टी ट्रीसारखी तेले तिच्या अंगाला कधीच लावू नका. फिनॉलसारखे पदार्थ शरीराबाहेर टाकण्यासाठी लागणारी यकृताची एक रासायनिक वाट मांजरांत फार अशक्त असते. गरोदरपणाबद्दल पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातला सल्ला जाणूनबुजून कडक ठेवला आहे.

भेसळीचा प्रश्न आजही रोशाच्या काळाइतकाच जिवंत आहे, फक्त दोन्ही बाजूंची हत्यारे बदलली आहेत. आज प्रयोगशाळेत तयार केलेले लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट घालून लॅव्हेंडर ‘वाढवतात’, चंदनात वास नसलेले द्रावक घालतात. दुसरीकडे गॅस क्रोमॅटोग्राफी तेलातले शंभरेक घटक वेगळे करून दाखवते. कन्नौजच्या सुगंध व स्वाद विकास केंद्रासारख्या ठिकाणी ही तपासणी होते. पण ती ग्राहकाच्या आवाक्यातली नाही, म्हणून निदान बाटलीवर तरी पाच गोष्टी असायलाच हव्यात: वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तिचा कोणता भाग वापरला, तेल कसे काढले, कुठल्या मुलखातले आणि कोणत्या महिन्यातले. रोशाच्याच एका जातीचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. मोतियात जेरॅनिऑल भरपूर, सोफियात अगदी थोडे. तुळशीचे तसेच; एका तुळशीत युजेनॉल जास्त, दुसरीत मिथाइल चॅव्हिकॉल. हे माहीत असलेला विक्रेता भेटला तर त्याला जपावे.

पोटात घ्यायच्या घरगुती कृती या पुस्तकात नाहीत. वाचक त्या मागतील याची मला कल्पना आहे. पण घरातल्या चमच्याने मोजून तेल प्यायला सांगण्याइतकी खात्री मला कोणत्याही तेलाबद्दल नाही, आणि ज्या तेलांची मात्रा तपासून ठरलेली आहे त्यांच्या कुप्या औषधाच्या दुकानात डॉक्टरच्या चिठ्ठीवर घेता येतात. मुलाने तेल प्यायले तर काय करावे, याचे पान वेगळे काढले आहे: उलटी करवू नका, कारण ते तेल फुप्फुसात गेले तर दुखणे दुप्पट होते; दूध, तूप, मीठपाणी काही पाजू नका; त्वचेवर सांडले असेल तर साबणपाण्याने धुवा; मूल बरे दिसत असले तरी वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात न्या, आणि जाताना बाटली बरोबर घ्या, म्हणजे कोणते तेल आणि किती गेले हे डॉक्टरांना कळेल. हे पान अनुक्रमणिकेच्याही आधी छापले आहे.